शामराव त्रिलोकेकरांची कातळवाडी

मे महिना आला की मुंबईची मुलं गावाला जातात, आणि ज्यांना जाता येत नाही ती माझं पुस्तक वाचतात, असं शामराव त्रिलोकेकर सांगतात. त्यातलं अर्धं खरं आहे. मुलं गावाला जातात.

शामराव माझे समोरचे शेजारी. फणसवाडीत आमची पिंपळे बिल्डिंग. त्यांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एक गॅलरी, आणि त्या गॅलरीत लेंगे कोणी कुठे वाळत घालायचे यावरून चाललेली जुनी कुरबुर. दिवसा ते म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यात कारकून, संध्याकाळी लेखक. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर चष्मा बघावा. लेखक असताना तो कपाळावर असतो.

दरवर्षी एप्रिलात त्यांचं एक पुस्तक निघतं. गोष्ट एकच. बंडू आणि शैला ही भावंडं सुट्टी लागताच मामाकडे कातळवाडीला जातात, आंबे खातात, विहिरीत पोहायला शिकतात, एक चोर पकडतात, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रडत परत येतात. चोर दरवर्षी वेगळा. निदान त्याच्या मिशा तरी वेगळ्या.

कातळवाडी कुठे आहे हे शामरावांना विचारू नये. हा गृहस्थ माहीमच्या खाडीपलीकडे आयुष्यात एकदाच गेला, ठाण्याला लग्नाला, आणि तिथलं पाणी बाधलं म्हणून जेवणावळ उठायच्या आत घरी परतला. पाणीखात्यातला माणूस, परक्या पाण्यावर त्याचा विश्वास कसा बसणार? त्रिलोकेकर हे पाठारे प्रभू. सहा-सातशे वर्षांपूर्वी बिंबराजाबरोबर मुंबईत आलो असं शामराव अशा थाटात सांगतात, जणू सामान उतरवायला स्वतः धक्क्यावर उभे होते. त्यामुळे झालं काय, की इतक्या पिढ्या मुंबईत काढल्यावर त्यांना गाव म्हणून उरलंच नाही.

आम्ही बाकीचे सगळे कुठून तरी आलेले. मी वेंगुर्ल्याचा, पलीकडच्या सुंदराबाई राजापूरच्या. पोरांची परीक्षा संपली की आम्ही वळकट्या बांधतो आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसतो. मेमध्ये बिल्डिंगमध्ये उरतात त्रिलोकेकर आणि उंदीर. जाताना आम्ही किल्ल्या राजलक्ष्मीवहिनींकडे देतो, तुळशींना पाणी घालायला. तुळशी वहिनी सांभाळतात आणि शामराव आमच्या रिकाम्या खोल्यांत जाऊन पुढच्या वर्षीचं पुस्तक लिहितात. सकाळी सुंदराबाईंच्या खाटेवर, दुपारी माझ्या झोपाळ्यावर. भिंतीवरचे आमचे आजे-पणजे बघूनच त्यांनी कातळवाडीचा मामा उभा केला. मामाच्या मिशा माझ्या आजोबांच्या आहेत. डोक्यावरचा फेटा सुंदराबाईंच्या सासऱ्यांचा.

हे सुरू झालं त्यांच्या बेबीपायी. बेबी चार वर्षांची असताना एका मेमध्ये गॅलरीत उभी राहून आमच्या वळकट्या बघत होती. “बाबा, आपण कुठल्या बोटीने जायचं?” असं तिने विचारलं. मग त्यांनी तिला सांगितलं, की आपल्याला कातळवाडीचा मामा आहे, फार लांब राहतो, वाट फार अवघड आहे, तू मोठी झालीस की जाऊ. राजलक्ष्मीवहिनींना भाऊच नाही. पण नवऱ्याने दिलेला भाऊ त्या बिचारीने मुकाट्याने पत्करला. तेव्हापासून रोज झोपताना कातळवाडी. पुढे ठाकुरद्वारला लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापणाऱ्या अप्पांनी ती गोष्ट ऐकली. उन्हाळ्यात त्यांचं यंत्र बसून असायचं. “लिहून द्या, छापतो,” म्हणाले. शामराव लेखक झाले ते असे.

आता लेखक झाला तरी माणसाला ठाऊक असेल तेच तो लिहिणार. कातळवाडीची मामी दर रविवारी कोळंबीचं भानोलं करायची. हा पदार्थ प्रभूंच्या घराबाहेर कोणी ऐकलेला नाही. आमच्या वेंगुर्ल्यात नाव काढलं तर लोकांना वाटेल हा एखादा रोग. आणि फणस. शामरावांनी फणस पाहिला तो बाजारात, दुकानाच्या बांबूला दोरीने टांगलेला. तेव्हा बंडू आणि शैला दरवर्षी झाडाच्या शेंड्यावर चढायची, फांदीच्या टोकाला लटकलेला फणस गदागदा हलवायची आणि मामा खाली धोतर पसरून तो झेलायचा. एवढा फणस धोतरात झेलणारा मामा त्यानंतर दहा पानं जिवंत कसा राहतो, हे अप्पांनीही विचारलं नाही. शामराव राहणार फणसवाडीत, त्यामुळे अधिकार असेल असं अप्पांना वाटलं असावं.

आणि आमच्या मुलांनी? त्यांनी खरा फणस पाहिलेला होता. पण पुस्तकातला फणस वेगळा असतो, अशी त्यांची समजूत. शाळेतल्या भूगोलावरून ती पक्की झालेली.

असं सगळं छान चाललेलं असताना छप्पन साल उजाडलं. जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे जाणार. मग काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. गिरगावात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, शाळा बंद. मी त्या आंदोलनात होतो. म्हणजे घोषणांत होतो. आठवडाभर माझा घसा बसला तेव्हा आमच्या मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. शामराव मात्र एकाही सभेला आले नाहीत. मी टोचलं तर म्हणाले, “मुंबई कोणाची हे सांगायला तुम्ही वेंगुर्ल्याहून आलात, गणपतराव. आम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही.”

कर्फ्यूत सगळी बिल्डिंग कोंडली गेली. बाहेर पोलिसांच्या गाड्या, आत चाळीस पोरं. पोरांना आवरायला कोणीतरी शामरावांना गॅलरीत बसवलं आणि त्यांनी कातळवाडी वाचायला घेतली. बेबी त्यांच्या शेजारी मांडी घालून. अकरा वर्षांची झाली होती, पण वडील वाचायला लागले की मामलेदाराच्या मुलीसारखी बसायची. सगळ्या बिल्डिंगला आणि सगळ्या शाळेला तिने सांगून ठेवलं होतं की आमचं गाव कातळवाडी.

श्रोत्यांत सुंदराबाईंची भाची लतिका होती. नुकतीच राजापुराहून शिकायला आलेली, नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि तोंडाला कुलूप ते नाहीच. मामाने धोतर पसरलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

“काका, फणस टोकाला नाही लागत. खोडाला लागतो. आमचा तर मुळाशीच धरतो, मी बसून काढते.”

“आमच्या कातळवाडीचे वेगळे असतात,” बेबी म्हणाली.

“कुठल्या तालुक्यात आहे तुमची कातळवाडी?”

बेबीने वडिलांकडे पाहिलं. सगळ्या गॅलरीने पाहिलं. शामरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, पुन्हा कपाळावर नेला.

“तशी ती सगळ्याच तालुक्यांत आहे,” ते म्हणाले.

पोरं अशी हसली की खालून शिपायाने वर बघितलं. मीही हसलो, न हसण्याइतका सज्जन मी कधीच नव्हतो. बेबी हसली नाही. उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

कर्फ्यू उठला, शाळा सुरू झाली, पण बेबीचं तोंड उघडलं नाही. म्हणजे आईशी बोले, आमच्याशी बोले, बापाशी नाही. शामराव ऑफिसातून येताना तिच्यासाठी खारे शेंगदाणे आणत, ते तसेच डब्यात साठत. शेवटी आम्हीच खाल्ले. एकदा वहिनींनी दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की सगळ्या मुलांना गाव आहे, मला नाही, आणि तुम्ही मला इतकी वर्षं खोटं गाव दिलंत. भिंत पातळ असल्यामुळे हे मला ऐकावं लागलं. नीट ऐकू यावं म्हणून मी भिंतीजवळ सरकलो होतो, ही गोष्ट वेगळी.

मला तिची दया आली. म्हटलं, बेबी, या मेमध्ये चल आमच्याबरोबर वेंगुर्ल्याला. बोटीत बस, खरा फणस बघ.

“मला दुसऱ्याचं गाव नको, काका.”

पोरीने असं तोंडावर मारल्यावर मी घरात येऊन मंडळींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “बरोबर बोलली. तुमी गप रवा.”

शामराव वाळत चालले. पुस्तक अप्पांकडे गेलेलं होतं, ते त्यांनी छापखान्यातून परत आणलं. अप्पा मागोमाग घरी. शामरावांनी सांगितलं, यंदा उलट लिहिणार. कातळवाडीची मुलं सुट्टीला मुंबईला येतात, गिरगावात मामाकडे. अप्पांनी कपाळाला हात लावला. मुंबईच्या पोरांना मुंबई विकायची म्हणजे कोळणीला बांगडा विकायचा, असं म्हणून ते चहा न घेता गेले.

तरी शामराव लिहीत राहिले. या वेळी खोल्या भरलेल्या, तेव्हा बसले आपल्याच घरात, पडद्याच्या अलीकडे. पलीकडे बेबीचा अभ्यास. लिहिलेलं पान ते मोठ्याने वाचत, जसं काही स्वतःलाच. त्यात लतिका नावाची एक खेडवळ मुलगी होती, जी नळाखाली उभी राहून वर बघायची आणि विहीर कुठे टांगली आहे असं विचारायची. हा सूड होता हे कोणालाही कळलं असतं. पलीकडून काही हालचाल नाही. असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी मामा मुलांना घेऊन ट्राममधून निघाला, गिरगावातून डावीकडे वळला आणि समोर राणीची बाग आली.

पडद्याआडून आवाज आला, “ट्राम तिथे वळत नाही.”

शामरावांनी पान खाली ठेवलं.

“आणि राणीची बाग भायखळ्याला आहे. तिथे गाडी बदलावी लागते. तुम्ही कधी गेला नाहीत का?”

नव्हतेच गेले. घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, एवढीच या माणसाची मुंबई. बाकी सगळा वेळ कातळवाडीत. बिंबराजाच्या माणसाला राणीची बाग ठाऊक नव्हती. मी असतो तर लाजेने जिना उतरलो नसतो. पण शामरावांना त्या दिवशी लाज वाटायला सवड नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, “मग तू दाखवशील का?”

पडदा बाजूला झाला. बेबीच्या हातात पेन्सिल होती. तिने आधी सगळी पानं मागितली आणि त्यांतल्या चुकांवर खुणा केल्या. खुणाच जास्त झाल्या. मग रविवारी दोघं राणीच्या बागेला निघाली.

पुढच्या रविवारी परळ. मग शिवडीचा किल्ला, मग वडाळ्याची मिठागरं, जिथे शामरावांनी मिठाचा खडा उचलून जिभेला लावला आणि बेबीने त्यांना रागावून तो थुंकायला लावला. एप्रिल आला, गेला. पुस्तक निघालंच नाही. ही गोष्ट अप्पांखेरीज कोणाच्या लक्षातही आली नाही. लेखकाला असं काही सांगू नये म्हणून मी ते त्यांना दोनदाच सांगितलं.

आमची वळकटी बांधायची वेळ आली तेव्हा खरा घोटाळा झाला. बेबीबरोबर मुंबई बघायची म्हणून पोरं हलेनात. माझी दोन, सुंदराबाईंची तीन, आणि सगळ्यांच्या पुढे ती लतिका, जिला नळाखाली उभी केलेली ऐकून राग यायला हवा होता. ती म्हणत होती, पुस्तकात मी आहे, मग ट्राममध्ये मला घेतलंच पाहिजे. सुंदराबाईंनी शामरावांना शिव्या घातल्या. मी बोटीची तिकिटं पुढे ढकलली आणि पोरांवर लक्ष ठेवायला म्हणून त्या रविवारी बरोबर गेलो.

दादरची ट्राम होती, दुमजली. बेबीने सगळ्यांना वर चढवलं, कोणी कुठे बसायचं ते ठरवलं, लतिकेला अगदी पुढे बसवलं. मी आपला दांड्याला धरून उभा होतो. वीस वर्षं मुंबईत काढलेला माणूस, मुंबई आमची म्हणून घसा फोडलेला. बेबीने येऊन माझा हात धरला.

“काका, तुम्ही उभे का? पाहुणे आहात, कडेला बसा. आमचं गाव नीट दिसेल.”

मी बसलो. मागच्या बाकावरून शामरावांचा आवाज आला, कपाळावर चष्मा असतानाचा.

“आणि गणपतराव, हात बाहेर काढू नका.”