पेन्सिलीतलं मत

ऑफिसात माझ्या काकांना सगळे ‘माझ्यामते’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. जुन्या इमारतींची पाहणी करून नोंदवहीत लिहिणं हे त्यांचं काम, आणि त्या पानांच्या झेरॉक्स काढून मुख्य कचेरीला पाठवणं हे माझं. वही आमच्याकडेच राहायची. नोकरी मला त्यांच्याच ओळखीने लागलेली, म्हणून साहेब वगैरे काही नाही, ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणायचे.

नोंदी लिहायची त्यांची एक पद्धत होती. मोजलं, पाहिलं ते पेनाने. वाटलं ते त्याच ओळीखाली पेन्सिलीने. "मोजमाप बदलत नाही, मत बदलू शकतं. चुकलं तर खोडता यायला हवं," असं ते म्हणायचे. घरीही तोच खाक्या. काकू म्हणाली, "चहा जास्तच गोड झालाय," की हे म्हणणार, "साखर दोन चमचे, ही वस्तुस्थिती. जास्त गोड, हे तुझं मत." त्यावर काकू म्हणायची, "आणि आपला कप आपणच विसळायचा, हा माझा निर्णय." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

काकू शिवणकामाच्या कारखान्यात होती. तिसरा मजला, चाळीस बायका, चाळीस मशिनं. तिथल्या मागच्या भिंतीला भेग पडली होती. काकांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती, कारण भिंत हलली की काच तडकते. दर महिन्याला जाऊन ते भेग मोजायचे आणि तडकलेली काच काढून नवी लावायचे. आधी तीन मिलिमीटर, मग चार, मग एकदम सहा. दहापर्यंत चालतं, असा नियम होता, त्यामुळे पेनाने लिहिलेलं सगळं नियमात बसत होतं. खाली पेन्सिलीने असायचं: ‘माझ्या मते भेग वाढण्याचा वेग वाढतो आहे. मजला ताबडतोब रिकामा करावा.’

काकू मधूनमधून विचारायची, "आमच्या भिंतीचं काय झालं?"

"लिहिलंय मी. आदेश येईल."

"तुम्ही लिहिलंय ना, मग झालं," म्हणून ती डबा उचलून कामाला निघायची.

माझं झेरॉक्सचं मशीन जुनाट होतं. गडदवर ठेवलं की पान काळपट यायचं आणि ऑफिसचे साहेब माझ्यावर खेकसायचे. म्हणून मी ते फिकटवर ठेवायचे. मग पेन स्वच्छ उमटायचं आणि पेन्सिल उमटायचीच नाही. हे मला दिसत होतं. पेन्सिलीतलं ते काकांचं स्वतःपुरतं असेल, असं मी धरून चालले. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही विचारलं.

पाहणीच्या चौदाव्या महिन्यात मुख्य कचेरीचं पत्र आलं. काकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. ‘भेग मर्यादेत आहे. पाहणी करणाऱ्याने धोक्याबाबत कोणतेही मत नोंदवलेले नाही. काम चालू ठेवावे.’

"मत नाही?" काका म्हणाले. "अगं, दर महिन्याला लिहितोय मी!"

मी सगळं सांगून टाकलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वही काखेत मारली आणि कारखान्याकडे निघाले. मी मागून धावले.

सुपरवायझर दारातच आडवा आला. "लेखी आदेश दाखवा." काकांनी वही उघडून पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं मत झालं," तो म्हणाला, "मला वरच्यांची सही लागते." काका त्याच्या खांद्यावरून आत ओरडू लागले, पण चाळीस मशिनांच्या खडखडाटात कोणाला काय ऐकू येणार? शेवटी त्याने वैतागून मेन स्विच बंद केला. मजला गप्प झाला, आणि मागच्या भिंतीवरची काच टक्कन तडकलेली सगळ्यांनी ऐकली.

मग कोणालाच सही लागली नाही. जिना एकच, तोही अरुंद. काकू दाराशी पोचली तेव्हा काकांनी तिचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला. "मागच्या रांगेतल्या दोघी घाबरून बसून राहिल्यात, त्यांना उठवून आणते," म्हणाली आणि परत वळली. काका दारात उभे राहून मोजत होते. त्या दोघी रडत धावत बाहेर आल्या. अडतीस, एकोणचाळीस. त्यानंतर फक्त धूळ आली.

चौकशीत मला जबाब लिहायला बसवलं. कागदावर वरच छापलं होतं, फक्त वस्तुस्थिती लिहावी, मत लिहू नये. मी महिने लिहिले, मिलिमीटर लिहिले, मशीन फिकटवर ठेवायचे तेही लिहिलं. वाचून कारकून म्हणाला, "नियमाप्रमाणे तुमची काही चूक दिसत नाही. करा सही."

काका शेजारच्या खुर्चीत बसले होते. महिनाभर ते माझ्याशी बोलले नव्हते. मी टेबलावरची पेन्सिल उचलली, तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि खिशातलं आपलं पेन माझ्यापुढे धरलं.

मी शेवटच्या ओळीखाली पेनाने लिहिलं: माझ्या मते, काकू माझ्यामुळे गेली.