टॅपेटची टिकटिक आणि एक सुतक

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती जायच्या आदल्या दिवशी ओठांवर आलं होतं — आणि मी तिला पाणी हवंय का, एवढंच विचारलं. आज तुमच्याजवळ बोलतोय. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा मी. सोयरिकीला आलेले पाहुणे हसले, तरी का हसले याचा विचार करत बसणारा. मिरजगावात माझी एक जुनी पिकअप होती. बाहत्तरच्या दुष्काळात तिच्यात पाण्याची पिंपं भरून मी माळावर खडी फोडायच्या कामावर न्यायचो. उन्हात सगळी माणसं त्या पाण्याची वाट बघत असायची.

तर त्या पिकअपचं इंजिन वाजायला लागलं. टक टक टक — गाडी उभी असली तरी. दगडू मिस्त्रीचं गॅरेज रस्त्याकडेला लिंबाखाली होतं, तिथं नेली. माणूस फटकळ, पण हात चांगला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यानं ऐकलं. आवाज तळातून आला तर बेरिंग गेलं, वरून आला तर व्हाल्व दाबणारे टॅपेट सैल झाले, असं त्याचं गणित. तो वरून येत होता. त्यानं झाकण काढलं, एकेका टॅपेटच्या फटीत पातळ पोलादी पत्ती घालून ती जुळवली, नट आवळले आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. ही त्याची खूण. ठिपका आहे म्हणजे काम माझं, असं तो म्हणायचा.

आवाज पुष्कळ गेला, पण बारीक टिकटिक राहिली. ही का ठेवली, मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. व्हाल्व तापला की लांबतो, त्याला जागा लागती. लई गप झालेलं इंजिन बरं न्हाई."

आणि तो हसला. का हसला? मला वाटलं, याला मी पुन्हा यायला हवाय. म्हणून दुखणं थोडं शिल्लक ठेवलंय. दोन दिवस ती टिकटिक मला चिडवल्यासारखी वाटत राहिली. मग — इथंच माझी जीभ अडते — मी परसात गाडी लावली, झाकण उघडलं आणि माझ्या पान्यानं सगळे टॅपेट आवळून टाकले. आवाज बंद! काय खूश झालो होतो म्हणून सांगू. मिस्त्रीची लबाडी पकडली, असंच वाटलं.

त्याच आठवड्यात भर दुपारी गाडी माळाच्या चढावर मेली. व्हाल्वना लांबायला जागाच उरली नव्हती; ते पुरते बसेनात, जळून गेले होते. पिंपं तिथंच राहिली. कामावर एक बाई चक्कर येऊन पडली. माणसं चिडून पिकअपभोवती जमली, पाणी का आलं नाही म्हणून विचारायला लागली. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, बघत राहिला. ठिपके फिरले होते.

"ह्याला कुनीतरी हात लावलाय."

तेव्हा मी बोलायला हवं होतं, नाही का? मी ओरडलो — खूण तुझी, मग हात दुसऱ्याचा कसा? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "मग शिंगनापूरला चला. दोघंबी शपथ घिऊ."

आमच्याकडे यापुढं बोलणं नसतं. जिथं घरांना दारं नाहीत, तिथं खोटं कोण बोलणार? साक्षीला कामावरचा मुकादम आला. तो परगावचा. मिस्त्रीनं अंघोळ केली, ओल्या धोतरानं चौथऱ्यावर चढला, शनिदेवाला तेल घातलं आणि शपथ घेतली. मग माझी पाळी. मी विहिरीपाशी हातात बादली घेऊन उभा. ती विहिरीत सोडलीच नाही. आणि तोंडातून निघालं — मला सुतक आहे. काष्टीचे चुलते वारले, सकाळीच निरोप आला. घरी अजून सांगितलं नाही, आई खचेल.

मला चुलते एकच. ते त्या वेळी काष्टीच्या बाजारात कुणाच्या तरी बैलाचे दात बघत असतील.

वाटभर माझ्याशी न बोललेला मिस्त्री एकदम विरघळला. "आधी न्हाई का सांगायचं, आण्णा? असल्या टायमाला मी तुमाला हितं आनलं." परतताना त्यानं मला एसटीत सावलीची बाजू दिली. मी बसलो तिथं.

माझी शपथ राहिली ती राहिलीच, त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. शपथ घेऊन तो सुटला, असं तुम्हाला वाटेल. गाव म्हणालं, शिंगणापूरला न्यावं लागलं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. माझ्यासारखी माणसं गावात कमी नव्हती. लिंबाखाली गाड्या थांबेनाशा झाल्या. माझं एक वाक्य पुरलं असतं. रोज त्या रस्त्यानं जायचो आणि मान दुसरीकडे वळवायचो.

पुढच्या उन्हाळ्यात चुलते आले. एसटीतून उतरले ते नेमके लिंबाशी, आणि माझं घर मिस्त्रीलाच विचारलं. आपण माझे कोण, काष्टीचे कसे, सगळं त्याला सांगितलं. त्यानं त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत आणून सोडलं. चुलते घरात येत म्हणाले, "भला मानूस हाय. म्हनला, आण्णाला सांगा, काका सुखरूप हायेत, बघून लई बरं वाटलं."

मग कित्येक दिवस चहाच्या टपरीवर कुणी कुजबुजलं की मी अर्धा चहा टाकून उठायचो. चोराच्या मनात चांदणं. पण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. एक दिवस तो हत्यारं गुंडाळून बायकापोरांसह गेला. कोणी म्हणे दौंडला, कोणी म्हणे आणखी लांब.

आता त्या लिंबाखाली रसवंती आहे. आम्ही म्हातारे तिथं बसतो. कधी मिस्त्रीचं नाव निघतं. कोणीतरी म्हणतंच, हात चांगला होता, पण शेवटी शिंगणापूरला न्यावा लागला. मी ऐकतो, आणि माझा रस संपवतो.