मी लेबल लावलं नाही

“हिच्या बापाला बोलवा,” मोठे डॉक्टर म्हणाले.

माझा बाप त्याच दवाखान्यात फरशी पुसायचा. अप्पा आले. हात ओले. नवजात बाळांच्या खोलीच्या दारातच थांबले.

“बघ तुझी इंजिनियर. तुमच्यात एक पोरगी शिकली, की लगेच डोक्यावर बसते.”

नर्स खाली बघत होत्या. माझे कान तापले. सोलापुरातली माझी ही पहिलीच नोकरी. दवाखान्यातली मशीनं तपासायची, नीट असतील तर ‘सुरक्षित’ असं लेबल लावायचं.

बाळांना ऊब देणारा एक वॉर्मर बिघडला होता. सेन्सर बाळाचं तापमान कमी दाखवायचा, म्हणून हीटर तापतच राहायचा. मी तो बंद करून ठेवला होता. दुपारी तपासणीची माणसं येणार, म्हणून डॉक्टरांनी परत सुरू करायला लावला. त्याच्याखाली मैंदर्गी गावच्या एका बाईचं बाळ.

“सर, बाळ भाजेल.”

“लेबल लाव. नाहीतर बापलेक दोघंही घरी बसा.”

अप्पांनी हात जोडले. माझ्यापायी. “साहेब, चुकलं तिचं. लेकरू हाय.” मग माझ्याकडं वळून हळूच, “लाव की, बाय.”

त्या जोडलेल्या हातांकडं बघवेना. मी बाळाकडं बघितलं. छाती लालबुंद. रडतसुद्धा नव्हतं.

मी प्लग ओढला.

“न्हाय लावणार.” घाबरले की माझ्या तोंडून घरचीच बोली येते.

एका नर्सनं बाळ उचलून आईच्या छातीशी दिलं. आई विचारायला लागली, “काय झालं ओ म्याडम?”

डॉक्टर माझ्याकडंच बघत होते. तरी मी बोलले, “मशीन खराब होतं. सरांनी माहीत असून सुरू करायला लावलं.”

संध्याकाळच्या आत आम्ही दोघं बाहेर. बाळ वाचलं. अप्पा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, “आपल्यासारख्यानं भिऊन ऱ्हावं लागतं.”

भितेच मी. जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकते. तरी डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली. उद्या चौकशी. डॉक्टर समोर असतील, त्यांचा वकील असेल. माझ्या बाजूला कुणी नसेल.

भीती वाटेल. वाटू दे. मी जाणार, आणि त्यांच्या तोंडावर सगळं सांगणार.