कानावरची दुसरी खाच

माझ्या सुनेचे वडील ऑस्ट्रेलियाहून जालन्याला आले, तेव्हा त्यांनी बॅगेतून सगळ्यात आधी काढली ती एक जुनी वही. चॉकलेटं नंतर निघाली. नातवाचं जावळ होतं, म्हणून मुलगा, सून, नातू आणि हे इवाई, म्हणजे व्याही, असे चौघं आले होते. मुलगा तीन वर्षांनी घरी आला होता आणि आठ दिवसांनी परत जाणार होता.

मी मेंढ्या-बकऱ्यांचा व्यापारी. तीर्थपुरीच्या बाजारात दुसऱ्यांची मेंढरं हाकत दिवस काढले आणि आता नवीन जालन्यात स्वतःचं दुमजली घर आहे. कोणी हात दिला नाही. हे मी पाहुण्यालाही सांगितलं. बायको म्हणाली, "झालं, लागली कॅसेट."

इवायांना नातवासाठी घराण्याचं पुस्तक छापायचं होतं. अर्ध्या पुस्तकात त्यांची माणसं, अर्ध्यात आमची. दुपारी जेवणं झाल्यावर ते त्यांच्या खापरपणजोबाची हकिगत सांगायला बसले. ते इंग्रजीत बोलत, मुलगा मराठीत सांगत होता.

तो इंग्लंडातल्या शेतमजुराचा पोरगा. घरी खाणारी तोंडं फार, म्हणून एकटाच बोटीत बसला. कित्येक महिने नुसतं पाणी. उतरल्यावर एका मालकाने त्याला मेंढ्या राखायला ठेवलं. झाडाच्या सालीचं खोपटं, रोज तेच मटण, तीच भाकर, काळा चहा. दिवस बुडताना मेंढ्या मोजायच्या. रात्री रानकुत्री. महिना महिना बोलायला माणूस नाही, म्हणून तो कुत्र्याशी बोलायचा. पुढे बायको दुसऱ्या बोटीने आली. त्यांची पहिली पोरगी तापाने गेली, तिला खोपटामागेच पुरलं. मग हळूहळू स्वतःचा कळप झाला, स्वतःचं रान झालं.

ऐकताना मला नवल वाटलं नाही, थकवा आला. माझ्या आज्याने हेच केलं होतं, फक्त बोटीत न बसता.

"त्यांना इचार, ते रान आधी कोणाचं व्हतं?"

मुलाने विचारलं. इवाई म्हणाले, तिथे आधीपासून माणसं होती. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, पण आमच्या म्हाताऱ्याने कोणाची काडीही उचलली नाही. आणि तुमचे वडील? तुम्ही गाव का सोडलं?

याचं उत्तर मुलाला पाठ होतं, मीच शिकवलेलं. भावकीने माझ्या बापावर मेंढ्या चोरल्याचा खोटा आळ घेतला आणि आम्हाला गावातून काढलं. अजूनही लग्नाकार्यात मला बघून चुलत भाऊ स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरतो. एका लग्नात त्यावरून मी खुर्ची फेकली होती. मुलाने खुर्चीसकट सगळं सांगितलं.

इवायांनी मान हलवली आणि वही माझ्यासमोर उघडली. खापरपणजोबाला लिहिता येत नव्हतं, पण चित्रं काढायचा. पानापानावर पेन्सिलीने झाडांची पानं. त्याला झाडांचा फार नाद होता, यातलंच एक चित्र मुखपृष्ठावर घ्यायचं आहे, असं ते म्हणाले.

मला हसू आलं. "अरे, झाडाची पानं न्हाईत ही. मेंढीचे कान हायत."

रानात दहा जणांची मेंढरं एकत्र चरतात. कोणती कोणाची हे कळावं म्हणून कोकरू असतानाच कानाला खाच मारतात. कोणाची टोकाला, कोणाची मागच्या कडेला, कोणाच्या दोन. घराण्याची खूण ठरलेली असते. त्याने शेजाऱ्यांच्या खुणा काढून ठेवल्या होत्या, इथपर्यंत ठीक होतं. पण पुढचं पान उलटलं आणि माझं हसू गेलं. डाव्या बाजूला एक कान, टोकाला दोन खाचा. उजव्या बाजूला तोच कान, पण टोक तिरपं छाटलेलं. दोन्ही खाचा त्यात गेलेल्या. खाली कडेला नवी खाच, म्हणजे नवा मालक.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "त्यांचा म्हातारा चोर व्हता."

"आबा, काय बोलून राह्यले तुम्ही?"

"बराबर बोलून राह्यलो. सांग."

मुलगा हसऱ्या तोंडाने काहीतरी दोन शब्द बोलला. इवाईही हसले. विकणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला दुसरं सांगणारे दलाल मी जन्मभर पाहिलेत. "माझ्यासमोर दलाली करू नको," मी ओरडलो, वही ओढली आणि बोट ठेवून दाखवलं. इथं पहिली खूण, इथं कात्री, इथं दुसरी. भाषा लागलीच नाही. इवायांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, आणि मुलाने तसंच सांगितलं, "तुम्हाला कसं माहीत?"

बाजारात मला कोणी असं पकडलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा होतो मी. रोगाने आमची मेंढरं मेली होती. चुलत्याच्या मेंढीच्या मानेवर गुडघा आणि तोंडावर हात.

"मेंढी मी धरली व्हती," मी म्हणालो. "कात्री बापानं चालवली."

मुलाने विचारलं, "मंग ती खुर्ची?"

"फेकली."

बायको भांडी आवरत होती. म्हणाली, "मला लग्नाआधीच ठाऊक व्हतं. साऱ्या गावाला ठाऊक हाय. तुम्ही बोलायचंच बाकी व्हतं."

मी इवायांना सौदा सांगितला. पुस्तकात दोन्ही लिहायचं, त्यांचंही आणि माझंही. एक लिहून एक सोडायचं नाही. त्यांनी हळूच मान हलवली आणि हात पुढे केला. मी हात दिला. आमच्या धंद्यात हातावर हात पडला की सौदा पक्का, मग बापासाठीही मोडत नाहीत. त्यांच्याकडे हात नुसता भेटीला-निरोपालाही देतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

चार महिन्यांनी पुस्तक आलं. शेजारच्या मास्तरीण बाईंनी मराठीत वाचून दाखवलं. मुखपृष्ठावर कान, आणि खाली लिहिलेलं, खापरपणजोबांनी रेखाटलेली पानं. आमच्याबद्दल चार ओळी. मेंढपाळांचं प्रतिष्ठित घराणं, गावच्या भांडणामुळे स्थलांतर.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आबा, पोराला काय सांगायचं? जाऊ द्या ना." राग आला तसा छातीपर्यंत चढला आणि तिथेच बसला. आता खुर्ची उचलायची ताकद नाही, आणि फेकायची कोणावर?

गेल्या आठवड्यात तीर्थपुरीच्या बाजारात चुलत भाऊ दिसला. पार थकलाय, काठी घेऊन चालतो. मला बघून त्याचा हात सवयीने कानाकडे गेला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"चार व्हत्या," मी म्हणालो.

त्याने हात खाली घेतला.

"पाच," तो म्हणाला.

पाचवी लांडग्याने नेली होती. माझ्या डोळ्यांदेखत. पण मी घासाघीस केली नाही.