सोनाने बांधलेली गाठ

आधी तिचं नाव घेतो, मग बाकीचं. सोना. मखमलाबादच्या तुकाराम माळ्याची मुलगी. मी सुरगाण्याकडचा, घाटापलीकडचा. नाशकात माझं कुणी नव्हतं. तिच्या घरच्या पडवीत, फुलांच्या टोपल्यांशेजारी, मला झोपायला जागा मिळाली. तिच्या आईनं, भागीरथीमावशीनं, पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं. तापानं फणफणलो तेव्हा सोनानं कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. हे अगोदर लिहून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर माझ्या तोंडच्या उपकाराच्या भाषेची तुम्हाला किळस येईल. यावी.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, गुरुजींना नाही, छापखान्यात शेजारी बसून खिळे जुळवणाऱ्या सोबत्यालाही नाही – आणि तो तर असा माणूस की त्याला खून सांगितला तरी पान जुळवता जुळवता ‘बरं’ म्हणेल. तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. बघा, इथंही भित्रेपणाच.

शाळेपासून सुरुवात करावी लागेल. शाळा म्हणजे काय, तर पंचवटीच्या मागच्या अंगाला टांग्याच्या घोड्यांचा जुना तबेला. सरकारी नोकरी सोडून आलेले आमचे गुरुजी तिथं दहा-बारा पोरांना घेऊन बसत. इयत्ता नाही, घंटा नाही, छडी नाही. ज्याचा त्याचा पाठ वेगळा. एखादा आठवड्यात पुढं जाई, एखादा दिवाळीपासून होळीपर्यंत एकाच पाठावर बसे, आणि त्याला कुणी काही बोलत नसे. भिंतीवर खुंट्या होत्या आणि प्रत्येकाच्या नावाची एक दोरी. पाठ आला की दोरीला गाठ. पण गाठ आपली आपण मारायची नाही! तो पाठ तुम्ही दुसऱ्या कुणाला शिकवायचा. त्याला तो कळला, की त्यानं येऊन तुमच्या दोरीला गाठ बांधायची. गुरुजी म्हणत, ‘दुसऱ्याला आलं, की तुला आलं.’ दुसरी परीक्षा नाही.

गावात आमच्या शाळेला गाठीशाळा म्हणत. नदीच्या घाटावर भागीरथीमावशीकडं हार घ्यायला येणारी शहाणी माणसं सोनाला विचारीत, ‘काय गं, आज किती गाठींची विद्वान झालीस?’ त्यांची स्वतःची पोरं सगळे पाढे घडाघडा म्हणत आणि पाऊण शेर मापून द्या म्हटलं की आईकडं बघत. मला त्या माणसांचा तिटकारा होता. आता वाटतं, तिटकारा करायची माझी काय लायकी? मी त्यांच्यातलाच. फक्त तबेल्यात बसलो होतो एवढंच.

कारण मी पाठ करून आलेला पोरगा. गावच्या शाळेत छडीच्या भीतीनं जे घोकलं, ते घेऊन मी इथं आलो आणि सुरुवातीचे पाठ सोपे, नुसते सांगूनही दुसऱ्याला कळणारे, म्हणून माझ्या दोरीला भराभर गाठी पडल्या. गुरुजींनी शाबासकी दिली की मला रडू यायचं, इतका मी भुकेला होतो. आणि इतका घाबरट, की रोज सकाळी वाटे – आज यांना कळणार, की ह्याला काही येत नाही. आज हे मला घाटापलीकडं परत धाडणार. हुशार म्हणून नावाजलेल्या पोराची भीती तुम्हाला ठाऊक आहे का? मांजरानं चाटलेलं दूध नैवेद्याला ठेवल्यासारखी. दिसतं शुभ्र. ठेवणाऱ्यालाच माहीत.

मग तो पाठ आला. अपूर्णांकानं भागायचं. सहा शेर ज्वारी, पाऊण शेराचं माप, किती वेळा भरेल? मला रीत पाठ होती. खालचं वर, वरचं खाली, गुणून टाका, आठ. झालं. ती आता कुणाला तरी शिकवायची.

प्रथम विणकराच्या इब्राहिमला धरलं. त्यानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘नाय बांधनार गाठ. मला नाय समजलं. खालचं वर का करायचं?’ मी म्हटलं, करायचं म्हणून करायचं. तो म्हणाला, ‘मग तुलाबी नाय समजलं, काश्या,’ आणि उठून गेला. दगड पोरगा! त्याचं लाकडासारखं तोंड मला अजून दिसतं आणि अजून चीड येते. खरं बोलणाऱ्यावर येते तशी.

म्हणून सोनाकडं गेलो. ती मऊ होती म्हणून. सरळ सांगतो.

सोना संथ होती. एक पाठ धरला की त्याला चारी बाजूंनी हात लावून बघे, जसं बाजारात पेरू बघतात. तिच्या दोरीला गाठी थोड्या होत्या, पण ती जे शिकली ते शिकली. मी तिला रीत सांगितली. तिनं ऐकली. आणि मग विचारलं, ‘आरं पन भागलं तर कमी व्हायला पायजे. सहाचं आठ कसं झालं? भागून वाढतं कसं?’

भागून वाढतं कसं?

तुम्ही सांगाल का? चटकन नका सांगू. मला त्या वेळी सांगता आलं नाही. आणि ज्याला उत्तर येत नाही तो काय करतो? मी म्हणालो, ‘तुझ्या डोक्यात शेण भरलंय.’ ती हसली. म्हणाली, ‘शेनच भरलंय तर खत तरी व्हईल. तू सांग की.’ मी सांगितलं नाही. रोज तेच गणित तिच्याकडून म्हणवून घेतलं. सहा शेर, पाऊण शेराचं माप, आठ. ती म्हणे, ‘आठ,’ आणि पुढं लगेच, ‘पन कसं?’

तेवढ्यात रावसाहेबांचं यायचं ठरलं. शहरातले एक बडे गृहस्थ. शाळा बघणार आणि एका मुलाला आपल्या घरी ठेवून इंग्रजी शाळेत घालणार. घराण्याचं नाव होईल, वर्तमानपत्रात दोन ओळी येतील – असल्या माणसांचा परोपकार तेवढाच लांब असतो. पण मला त्यांच्या घराची स्वप्नं पडू लागली. तुकारामबाबांचंही काही ठरलं होतं. सोनाची आजी उठता-बसता बोले, ‘पोरीची जात, दोऱ्या मोजून काय दिवे लावनार?’ ते म्हणाले होते, ‘मी सोता येऊन बघतो. पोरगी चार लोकांत बोलली, तर शिकू दे. नाय तर बास.’ म्हणजे त्या दिवशी तबेल्याच्या एका ओट्यावर आम्हा दोघांचं ठरणार होतं. तिचं आणि माझं.

माझी ती एक गाठ राहिली होती. मी सोनाला खोटं सांगितलं, की ही गाठ पडली नाही तर गुरुजी मला गावी परत पाठवतील. ती खुंटीपाशी गेली. ‘बांधते,’ म्हणाली, ‘पन सुरगाठ बांधते हां. ओढली की सुटंल अशी. मला समजलं की निरगाठ करीन. तवर ही उसनी.’

आमच्या शाळेत कुणी कधी उसनी गाठ बांधली नव्हती. नियम मोडायचा तर तोही तिनं खरेपणानं मोडला. हार गुंफणारीच्या हातची ती सुरगाठ – लांबून कुणाला फरक कळला नसता.

पण मला माहीत होता ना! रावसाहेब यायच्या आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटा झाडलोट करायला थांबलो. दोरी हातात घेतली. एक टोक ओढलं, ती सळकन सुटली, जणू नव्हतीच कधी. आणि मी माझ्या हातानं तिथं निरगाठ मारली. दातांनी ओढून आवळली.

हेच ते. एवढ्यासाठी इथवर फिरत आलो.

नाही, एवढंच नाही. पुढचं यापेक्षा वाईट आहे.

रावसाहेब आले. जरीचा रुमाल, हातात काठी, नाकाला घोड्यांचा वास सोसवत नसल्याचा आविर्भाव. मागं दोन होयबा. ओट्याच्या कडेला तुकारामबाबा धुतलेलं धोतर नेसून अवघडून बसले होते. माझी दोरी सर्वांत भरलेली, म्हणून गुरुजींनी तीच दाखवली आणि शेवटच्या गाठीवर बोट ठेवून विचारलं, ‘ही कुणी बांधली?’ सोना उभी राहिली. रावसाहेबांनी तिला नऊ शेर ज्वारीचं गणित घातलं. पाऊण शेराचंच माप. किती वेळा भरेल?

मापं समोर असती तर तिनं भरून दाखवलं असतं. रावसाहेब म्हणाले, ‘मापं नकोत. तोंडी.’ तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, ‘आठ.’

काय हसले ते लोक! ‘पोपट आहे, पोपट!’ रावसाहेबांचा एक होयबा म्हणाला, ‘नऊ असो की नव्वद, हिचे आपले आठ.’ आमची पोरंही हसली. मीही हसलो असेन. आठवत नाही, म्हणजे हसलोच असणार.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, ‘काशिनाथ, तू शिकवलं होतंस ना हिला?’

तिथं बोलायचं होतं. एक वाक्य. ‘मलाच येत नाही, गुरुजी.’ जगाच्या पाठीवर ती एकच शाळा अशी होती जिथं हे वाक्य बोलायला काही किंमत पडत नव्हती. जिथं न येणं हा गुन्हा नव्हता, ज्याचा त्याचा पाठ तेवढा लांबायचा. मी म्हणालो, ‘शिकवलं होतं. तिच्या डोक्यात राहत नाही.’

तेव्हा सोना बोलली. रागानं नाही, तिला वाटलं, काहीतरी घोटाळा होतोय आणि आपण तो सोडवू शकतो. ‘गुरुजी, मला समजलं नव्हतं. म्हनून सुरगाठ बांधली मी. ओढून बघा, सुटंल.’

गुरुजी खुंटीपाशी गेले. टोक ओढलं. पुन्हा ओढलं. गाठ होती तिथंच राहिली.

ती जवळ गेली. बोटांनी चाचपून पाहिली. माळ्याची मुलगी ती. आपल्या हातची गाठ आणि दुसऱ्याच्या हातची गाठ तिला कळणार नाही? ती वळली आणि तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं – या खेपेला काही विचारण्यासाठी नव्हे.

तुकारामबाबा उठले. ‘येत नाय ते नाय,’ म्हणाले, ‘आन् वर खोटं बोलतीस? चार लोकांत? हे शिकीवलं का हितं?’ तिनं माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? मी त्यांच्याच घरी जेवत होतो म्हणून? संध्याकाळी त्याच चुलीपुढं आम्ही दोघं बसणार होतो म्हणून? बाबांनी तिला हाताला धरून नेलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही, आणि तिच्यानंतर त्या शाळेत कुठलीच मुलगी आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, विंचूरला दिली.

मला रावसाहेबांनी निवडलं का? नाही! त्यांनी कुणालाच निवडलं नाही. जाता जाता म्हणाले, ‘हा पोरखेळ आहे.’ आणि माझी गंमत पुढंच. त्या पाठावर उभा असलेला पुढचा पाठ मला येईना. त्याच्या पुढचाही. मी अडकलो, आणि अडकलो हे सांगायची हिंमत नव्हती, म्हणून घरच्या अडचणीचं निमित्त करून शाळा सोडली. गुरुजींनी छापखान्यात शब्द टाकला, निघताना माझी दोरी माझ्या हातात दिली, पाठीवर हात ठेवला. आजही कुणी म्हणतं, ‘काशिनाथराव गरिबीनं शिकले नाहीत, नाही तर...’ मी मान डोलावतो. गरिबीचं नाव पुढं करणाऱ्या माझ्यासारख्या भामट्यांनी खऱ्या गरिबांची पंचाईत केली आहे.

मागच्या पोळ्याला सोना माहेरी आली होती. घाटावर आईबरोबर फुलं घेऊन बसली होती, मांडीवर मूल. मला बघून म्हणाली, ‘काय काशिनाथराव, सापडलं का? भागून वाढतं कसं?’ मी म्हणालो, कसलं काय, विसरलो सगळं. ती मोगऱ्यावर पाणी मारत म्हणाली, ‘माझी सासू मला आजून पोपट म्हंती. बाबांनीच सांगितलं तिकडं, मस्करीत. बरं, ती गाठ कुनी आवळली रे? उंदरानं?’

मी हसलो. काय करावं! उंदीर तर उंदीर. हसून पुढं गेलो.

आणि विसरलो म्हणालो तेही खोटंच. मला कळलंय ते. शब्दांमधली जागा भरायला आम्ही शिशाच्या पट्ट्या घालतो. एकदा रुंद पट्ट्या संपल्या, म्हणून बारीक घालत होतो, आणि लक्षात आलं, की ओळ तेवढीच आहे, पण पट्ट्या जास्त लागतायत. पट्टी जितकी बारीक, तितक्या जास्त. माप एकाहून लहान झालं, तर खेपा शेरांपेक्षा वाढणारच. हातातली पट्टी तशीच राहिली. तिला मापं आणि ज्वारी देऊन तासभर गप्प बसलो असतो, तर आम्हा दोघांना तेव्हाच कळलं असतं. तिचा प्रश्न मठ्ठ नव्हता. त्या तबेल्यात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता तो, आणि त्याला मी शेण म्हणालो.

दोरी माझ्या पेटीत आहे. ती गाठ अजून सुटत नाही.

सोना, मी तुझ्या बाबांच्या ओट्यावर येईन. तुझी सासू तिथं असेल अशा दिवशी येईन, आजी असेल, शेजारी असतील. दोरी सगळ्यांपुढं ठेवीन आणि सांगीन, की उंदीर कोण होता, पोपट कोण होता. मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर ज्वारी आणि माप घेऊन तुझ्यापुढं मांडीन. पटलं तर गाठ बांध, नाही तर दोरी चुलीत घाल. कधी येईन ते आज लिहीत नाही, कारण माझा शब्द कसा असतो ते तुला माहीत आहे. पण तुझी उसनी गाठ मी फेडीन.