पहिल्या ट्रॉलीत

माझ्या हातच्या भाकरी त्यांनी शेळ्यांपुढे टाकल्या.

शाळेच्या पटांगणात, सगळ्यांच्या देखत. अजून वाफ निघत होती. शेळ्यांनी मात्र आवडीनं खाल्ल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नसावं.

भीमेचं पाणी गावात शिरलं होतं. आमची बौद्ध वस्ती सगळ्यात खाली, ती पहिली बुडाली. शाळेत सगळं गाव एकत्र आलं आणि आप्पांनी स्वतः मला हाक मारली. आप्पा म्हणजे गावचे मोठे बागायतदार, त्यांच्याच उसात खुरपून माझी कंबर गेली. म्हणाले, "तुझ्यासारखी भाकर कुणाच्या हाताला न्हाई. बस चुलीपुढं."

माझ्या आजीला त्यांच्या दारात पाणी वरून ओतायचे. आणि मी अख्ख्या गावाची भाकरी थापत होते. तव्यावर भाकरी फुगत होती, चुलीपुढं मी.

पण गोळ्या नव्हत्या.

नवरा ट्रक चालवायचा. जाताना मला एचआयव्ही ठेवून गेला. तेव्हापासून रोज एक गोळी, चुकवायची नाही. दौंड जवळ, तरी औषधाला मी शिरूरला जायचे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. गावात सांगायचे, न्हावऱ्याला बहिणीकडे चालले. बायका म्हणायच्या, "काय बाई बहिणीची माया!" बहिणीला बिचारीला यातलं काही माहीत नाही. गोळ्यांची डबी ज्वारीच्या कोठीत खोल पुरलेली. पाणी आलं तेव्हा आप्पांची माणसं आम्हाला बाहेर काढायला दारात उभी. त्यांच्यासमोर कोठी उपसणार कशी? डबी तिथंच बुडाली.

शिरूरचा रस्ता बंद. दवाखान्यातल्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मग दौंडला जा, तिथं देतील. पण खंड पडू देऊ नका." दौंडला धान्य आणायला आप्पांचा ट्रॅक्टर निघणार होता. पाव्हण्यांकडे जाणारी माणसंही ट्रॉलीत बसणार होती.

मी आप्पांना बाजूला गाठलं. "आप्पा, मलाबी घ्या. औषध आणायचंय."

"कसलं औषध? सांग की. मी काय परका हाय व्हय?"

पन्नाशीची बाई मी, पण कुणी परका नाही म्हटलं की विरघळते. सांगून टाकलं.

आप्पा माझ्या आधी पटांगणात पोचले. मी चुलीपाशी परत येईतो टोपलं उचललेलं होतं. शेळ्यांपुढे रिकामं करत होती आप्पांची सून. आदल्या दिवशी तिनंच माझ्याकडून आणखी एक भाकरी मागून घेतली होती.

ट्रॉली भरली. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायामाणसं हायेत, लेकरं हायेत. तू मागनं जा, पाणी उतरल्यावर."

"आन् मी काय म्हैस हाय?"

चिखलाचा पाय चाकावर ठेवला आणि चढले. माझं वजन बघता ते सोपं नव्हतं. घसरले. कुणी हात दिला नाही. पुन्हा चढले.

"आप्पा, मी बसले. मला एचआयव्ही हाय. गोळ्या आणायला चाललेय. भाकरीनं तो कुणाला होत न्हाई. तरी ज्याला उतरायचं त्यानं उतरावं."

एकेक करून सगळे उतरले. माझी सख्खी जाऊसुद्धा. धान्य आणायचंच होतं, म्हणून ट्रॅक्टर निघाला.

अख्खी ट्रॉली माझ्या एकटीची. लग्नातसुद्धा माझी एवढी मोठी वरात निघाली नव्हती. हसू आलं. मग दौंड येईपर्यंत रडले. शेळ्यांपायी नाही. त्या "परका हाय व्हय"पायी.

आता औषध दौंडलाच घेते. एसटीत कुणी विचारलं, कुठं चाललीस, तर सांगते. डबी घरात समोरच्या फळीवर असते. बहिणीकडे जाते ती बहिणीसाठीच.

नदी पुन्हा वाढेल. आप्पांचा निरोप येईल, कारण सुनेच्या भाकरी फुगत नाहीत. मी जाईन. भाकरी थापायला नाही. डबी कमरेला बांधून, पहिल्या ट्रॉलीत बसायला.