गंज न धरणारं पातं

धारवाल्या काकांचं घर त्यांना आठवडाभर खायला उठायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन यायचा, पण जेवलात का आणि गोळ्या घेतल्यात का एवढं विचारून संपायचा. खाली दुकानात खानावळींचे नोकर सुऱ्या फळीवर आपटत आणि "उद्या नेतो" म्हणत पळत. आता याला काय सोबत म्हणायची? खरी सोबत शनिवारची. शनिवारी दुपारी गोदीतले पाणबुडे यायचे, आणि त्या बोळकांडीएवढ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही.

हे पाणबुडे जहाजांच्या पोटाखाली उतरून काम करणारे. पंख्याला गुंडाळलेली जाळी कापायची, दोर तोडायचे, तळाला चिकटलेले शिंपले उचकटायचे. प्रत्येकाच्या मांडीला सुरी बांधलेली, आणि ती काकांनी घडवलेली, पोलादी. पोलाद धार धरून ठेवतं, पण खारं पाणी त्याचं वैरी. वर आल्यावर सुरी साध्या पाण्याने धुवायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि मगच म्यानात घालायची. पण एवढं करील तर तो पाणबुडा कसला! ओली सुरी म्यानात खुपसली, म्यान खिळ्याला अडकवलं, चालले घरी. बरं, ही सवय लावली कुणी? काकांनीच. "राहू दे रे, शनिवारी आण, मी बघतो," हे त्यांचं पालुपद. सुऱ्या आपापल्या घरी नीट राहिल्या असत्या तर ही मंडळी दुकानात आली असती कशाला? काकांना हे पक्कं ठाऊक होतं. उगाच त्यांना भोळं म्हणण्यात अर्थ नाही.

एका शनिवारी पाणबुड्यांच्या मुकादमाने राखाडी रंगाची एक नवी सुरी त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, ही टायटॅनियमची. साहेब सगळ्यांना द्यायची म्हणतायत. गंजत नाही म्हणे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी घेणार नाही. आठवडाभर ठेवून बघा."

काकांनी ती तळहातावर तोलली. "ही सुरी आहे की खेळणं? वजनच नाही!"

"काका, तुमच्या पोलादाला सवत आली!" जाड्या म्हणाला. पाणबुड्यांत हा सगळ्यात आडदांड आणि सगळ्यात तोंडाळ. दुकान हसण्याने दणाणलं, काकाही हसले.

मंडळी गेल्यावर मात्र त्यांना हसू आलं नाही. गंजच धरला नाही तर शनिवारी कोण येणार?

त्यांनी दोन्ही सुऱ्या कामाला लावल्या. गोदीतला जुना ओला दोर ओंडक्यावर धरून कापायला घेतला. टायटॅनियमची सुरी आधी चांगली चालली, मग हळूहळू घसरायला लागली. पोलादी आपली कापतेय ती कापतेय. "बघ, उतरला ना तोरा!" काका रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग दोन्हींची टोकं लोखंडी शिकंज्यात धरून शिंपले उचकटताना लागतो तसा जोर दिला. टायटॅनियमची वाकली आणि सोडताच सरळ झाली, पोलादीचा टवका उडाला. बोथट झालेल्या नव्या सुरीवर त्यांनी साधी कानस फिरवून पाहिली. चार हातांत धार परत आली. पोलाद असतं तर कानस नुसती घसरली असती, दुकानातलं धारेचं चाकच लागलं असतं. म्हणजे ही धार नावेवर बसल्या बसल्या कुणीही लावेल.

राहिली खाऱ्या पाण्याची परीक्षा. पोलादीला नवं टोक काढून त्यांनी दोन्ही सुऱ्या म्यानांसकट समुद्राच्या पाण्यात बुडवल्या आणि पाणबुडे अडकवतात तशा ओल्याच खिळ्याला अडकवल्या. रोज असंच. शुक्रवारी त्यांनी टायटॅनियमची मूठ धरली, सुरी सुळकन बाहेर आली. पोलादीची मूठ ओढली. हलेना. पुन्हा ओढली. शेवटी म्यान गुडघ्यांत दाबून दोन्ही हातांनी हिसडा दिला, तेव्हा गंजाने तांबडं झालेलं पातं करकरत निघालं.

काका मटकन स्टुलावर बसले. खाली गढूळ पाण्यात एक हात जाळ्यात अडकलेल्या माणसाने दोन हात आणायचे कुठून? इतकी वर्षं आपण लाडाने "राहू दे रे" म्हणत आलो आणि ही पोरं असली म्यानं मांडीला बांधून खाली जात होती.

तरी रात्रभर त्यांचा मोह सुटला नाही. धार टिकत नाही, एवढंच सांगितलं तर? खोटं तर नव्हतं. मुकादमाने निमूट ऐकलं असतं, आणि शनिवार शाबूत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. "बोला काका, काय ठरलं?" मुकादमाने विचारलं.

"हिची धार लवकर जाते," काका म्हणाले.

"बघा! पोलाद ते पोलादच!" जाड्या ओरडला.

मग काका भिंतीकडे बघत म्हणाले, "जाते. पण गरज पडेल तेव्हा म्यानातून निघते. माझी निघाली नाही. हीच घ्या."

नव्या सुऱ्या सगळ्यांना मिळाल्या त्या शनिवारी काकांनी प्रत्येकाला कानस धरायला लावली, हात धरून शिकवलं, "अरे, लाकूड तासतोयस का? एकाच बाजूने, हलक्या हाताने!" म्हणून शिव्या घातल्या. जाड्याला तर काही केल्या जमेना. त्याचं पातं वेडंवाकडं झालं. काका त्याच्यावर खेकसले, पण मनातून त्यांना बरं वाटलं. हा एक तरी परत येणार.

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. काका दुपारी न झोपता दुकानात बसून राहिले, रस्त्यावर पावलं वाजली की मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची.

मग एका शनिवारी जाड्या आला. एकटाच. काका इतक्या घाईने उठले की स्टूल पडलं.

"आण, आण! वाट लावलीस ना? मला ठाऊकच होतं."

जाड्याने हसत सुरी पुढे केली. काकांनी ती उजेडात धरली, अंगठा आडवा फिरवून पाहिला, उलटी करून पुन्हा पाहिला. कुठेतरी खाच असेल, टोकाशी नाहीतर मुठीजवळ, म्हणून ते शोधत राहिले. धार टोकापासून मुठीपर्यंत एकसारखी लागली होती.

"कशी आहे, काका? तुम्हाला दाखवायलाच आलो."

"छान आहे," काका म्हणाले. सुरी त्यांच्या हातातून सुटेना. "बिघडली कधी तर आण हो."

"आता कशाला बिघडतेय, काका!" जाड्या खुशीत म्हणाला. त्याने सुरी घेतली, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.